मधी काय घातलंय?

आमच्या दुकानात एक माणूस रोज सकाळी दहाला येऊन बसतो आणि आलेलं गिऱ्हाईक परत पाठवतो. नोकर नाही, भागीदार नाही, नातेवाईक तर नाहीच नाही. घोडेगावच्या पेठेत आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. पणजोबा मारवाडातून आले आणि इथलेच झाले. चार पिढ्या आम्ही नटबोल्ट विकतोय, पण ‘हा बोल्ट घेऊ नका’ असं गिऱ्हाईकाला सांगायची सोय आमच्याकडे नव्हती. ती वायसरमामांनी केली.

खरं नाव नामदेव रोकडे. मुंबईच्या गोदीत चौतीस वर्षं फिटर होते, जन्म जहाजांच्या बुडाखाली गेला. रिटायर होऊन धरणाच्या अलीकडच्या काठाला आपल्या गावी आले. इतर लोक ज्या खिशात पेन ठेवतात त्या खिशात हे जाडी मोजायचं व्हर्निअर ठेवतात. दुसऱ्या खिशात नायलॉनचे वायसर. लहान पोर दिसलं की माणसं गोळी देतात, मामा वायसर देतात. पोरंसुद्धा घेतात आणि बोटात घालून हिंडतात.

परवाचीच गोष्ट सांगतो. एक शेतकरी पाण्याच्या लोखंडी पाइपला पितळी कॉक न्यायला आला. मी कॉक काढून कागदात गुंडाळतोय तोवर कोपऱ्यातल्या स्टुलावरून आवाज आलाच.

“पावणं, पाइप लोखंडी, कॉक पितळी. मधी काय घातलंय?”

“मधी? मधी पाणी, मामा.”

“पाणी!” मामा स्टुलावरून उठलेच. “आरं, पाणीच तर काडी लावतंय! ह्यो पितळ, ह्यो लोखंड. कोरडे असले तर गुण्यागोविंदानं नांदत्यात. मधी पाणी आलं की जो कमजोर त्याला दुसरा खातो. गोड पाणी असलं तर चघळून खातो, खारं असलं तर बकाबका खातो. तुजा पाइप जाणार बघ. कॉक ऱ्हाईल तसाच, नवरदेवावानी!”

गिऱ्हाईक घाबरून प्लास्टिकचा कॉक घेऊन गेलं. पितळी कॉक पुन्हा फडताळात. मी मामांकडे असं बघितलं की दुसरा माणूस उद्यापासून आला नसता. मामा म्हणाले, “शेठ, चहा सांगा. त्याचा पाइप वाचला.”

‘मधी काय घातलंय?’ हे मामांचं एकच वाक्य. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले दिसले की त्यांच्या तोंडून ते निघतंच, शिंक आल्यासारखं. त्यांच्या वस्तीतल्या विहारात बुद्धांची पितळी मूर्ती लोखंडी स्टँडवर बसवली, तेव्हा वंदना संपेपर्यंत मामा कसेबसे गप्प राहिले. ती संपली तशी चौघांना हाताशी घेऊन मूर्ती अलगद उचलली आणि खाली गोल कापलेलं रबर सरकवलं. माझ्या मुलीच्या लग्नात सगळे वधूवरांना आशीर्वाद द्यायला स्टेजवर चढत होते, हे स्टेजच्या खाली शिरत होते. अॅल्युमिनियमच्या खांबांना लोखंडी बोल्ट! व्याही मला विचारतात, “ते कोण खाली?” काय सांगणार, कपाळ माझं! म्हटलं, “आमच्याकडचे आहेत.”

पण खरी कमाल आमच्या काकूंच्या दाढेची. काकूंनी एका दाढेवर सोन्याची टोपी बसवली आणि दुसऱ्या दिवसापासून तोंडात झिणझिण्या. जेवता येईना. मंत्र झाले, हळदीच्या गुळण्या झाल्या. दुकानामागेच आमचं घर, त्यामुळे काकूंचं कण्हणं मामांच्या स्टुलापर्यंत पोचलं.

“काकू, सोन्याच्या शेजारच्या दाढंत काय भरलंय?”

“चांदी. जुनी आहे.”

“आन् मधी काय?”

काकू भडकल्या. “मधी जीभ आहे माझी! आणखी काय असणार?”

“लाळ!” मामा टाळी वाजवून म्हणाले. “शेठ, लाळ म्हंजे खारं पाणी! काकूंच्या तोंडात बंदर झालंय!”

आम्ही हसलो. मंचरच्या दातांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मामांनी सांगितलेलंच सांगितलं, फक्त टाळी वाजवली नाही. चांदी काढून सिमेंट भरलं, काकू बऱ्या झाल्या. तेव्हापासून मामांचा चहा काकू स्वतःच्या हातानं करतात, आणि मामांना दुकानातून हलवायचा विषय आमच्या घरात कायमचा बंद झाला.

आता तुम्ही विचाराल, या माणसाला घर नाही का? घर आहे. घरात बाईमाणूस नाही.

म्हणजे मामी आहेत, अगदी ठणठणीत आहेत, पण धरणाच्या पलीकडच्या काठाला, त्यांच्या माहेरी. चौतीस वर्षं मामा मुंबईला आणि मामी गावाला. घर, शेत, पोरींची लग्नं, सगळं त्यांनी एकटीनं केलं. मामा रिटायर होऊन आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी मामींच्या स्वयंपाकघराची तपासणी केली. तांब्याचा हंडा स्टीलच्या स्टँडवर! पितळी डबे लोखंडी फळीवर! मामांनी सायकलची जुनी ट्यूब आणली, कात्रीनं रिंगणं कापली आणि प्रत्येक भांड्याखाली एकेक बसवलं. घरात भाकरीपेक्षा रबराचा वास जास्त. मामी आठ दिवस काही बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यांची आई पडल्याचा निरोप आला. मामींनी पिशवी भरली आणि म्हणाल्या, “पंदरा दीस जाऊन येते. तवर सगळ्या घराला वायसर लावून घ्या.”

म्हातारीनं अंथरूण धरलं ते धरलंच. पंधरा दिवसांची सहा वर्षं झाली.

मी एकदा विचारलं, “मामा, समोरच्या काठाला तर आहेत. लाँचमध्ये बसायचं, पाऊण तासात पलीकडे. जात का नाही?”

मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अशुभ बोललोय.

“सासुरवाडीला बिनकामाचं जातंय व्हय कुणी, शेठ? आखाडाचं बोलावणं आसंल, कुणाचं लगीन आसंल, तर गोष्ट येगळी. उगंच जाऊन बसलो तर लोक काय म्हणतील? जावयाला घरी भाकरी मिळंना!”

तर विषय तिथंच राहिला. आणि मग लाँच खराब व्हायला लागली.

ही लाँच म्हणजे लोखंडी पत्र्याची जुनी होडी, मागे इंजिन आणि पितळी पंखा. पलीकडच्या दोन-तीन वाड्यांची माणसं, शाळेची पोरं, दूध, सिलिंडर, सगळं तिच्यातून येतं-जातं. ती नसली तर आहुप्याच्या रस्त्यानं डोंगराला वळसा, अर्धा दिवस जातो. चालवणारा किसन पलीकडचाच. तो एका बाजाराच्या दिवशी दुकानात येऊन डबा भरून डांबर मागायला लागला.

“पंख्याजवळचा पत्रा कागदावानी झालाय शेठ. यंदा गळला तर भंगारवाल्याला देणार. परत नवी घ्यायची आपली ताकद न्हाई.”

स्टूल रिकामं झालेलं मला दिसलंच नाही. मामा किसनच्या छातीशी जाऊन उभे. “पंखा पितळी, पत्रा लोखंडी. मधी काय घातलंय?”

“धरान,” किसन म्हणाला.

त्या दिवशी मामा पहिल्यांदा गिऱ्हाईक न तोडता दुकानातून उठले. दुसऱ्या दिवशी आले ते जुन्या ट्रंकेतला जस्ताचा ठोकळा घेऊन. साबणाच्या वडीएवढा, गोदीतून आठवण म्हणून आणलेला. मला समजावलं. दोन धातूंमध्ये वायसर घालता येत नसेल तर तिसरा धातू आणायचा, सगळ्यात कमजोर. मग खाणारा लोखंडाला सोडतो आणि त्याला खातो. तो झिजतो, जहाज राहतं.

“आन् ऐका शेठ, हितं मधी कायबी घालायचं न्हाई. रंग खरवडून काढायचा, अंगाला अंग लागलं पायजे.”

मी चकित. या माणसाच्या तोंडून ‘मधी कायबी नको’ ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

मामा पलीकडे गेले, पंख्याशेजारी ठोकळा बसवून संध्याकाळच्या आत परत आले. मामींच्या घरी चहा झाला का, विचारलं. “झाला. कामाला गेलो व्हतो, चहा तर देणारच की,” म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी दुकानात दोन गिऱ्हाइकांना पितळी कॉक घेऊ दिले. एकाला तर पिशवी धरून दिली!

लाँच मुक्कामाला पलीकडेच असते. ठोकळा किती झिजला हे दर आठवड्याला कळायला हवं, म्हणून मामांनी किसनबरोबर मामींना निरोप धाडला. उत्तर आलं ते असं: किसननं खिशातून पांढऱ्या सुती दोऱ्याचा तुकडा काढून काउंटरवर ठेवला.

“मामींनी पाण्यात हात घालून ठोकळ्याला गुंडाळला आन् बरोबर तोडला. म्हणल्या, माप हाय.”

“बोलली काय?”

“न्हाई. दोरा दिला.”

मामांनी दोरा व्हर्निअरवर ताणला, मापला, घरी नेऊन कॅलेंडरच्या खिळ्याला टांगला. पुढच्या बाजाराला दुसरा दोरा. मग तिसरा. पाच आठवडे, पाच दोरे, आणि बोंबला! पाचही एकाच मापाचे. ठोकळा तसूभर झिजला नव्हता.

“न्हाई झिजला म्हंजे काम करंना,” मामा काळजीत पडले. “तो खात न्हाई तर खातंय कुणाला? पत्र्याला!”

मग कारण कळलं असं आम्हाला वाटलं. ठोकळा बसला त्याच आठवड्यात दसरा होता, आणि किसननं लाँच काठावर ओढून तिची पूजा केली होती. हार, नारळ, हळदकुंकू. मागे हा ठोकळा दिसला. मामांनी एवढा जपून बसवलाय म्हणजे काहीतरी दैवत असणार, म्हणून वाडीतल्या बायाबापड्यांनी त्याला तेलात कालवून शेंदूर फासला! चांगला जाड, दोन हात. एका आजीनं तर पुढे बसून नवस बोलला.

ऐकून मामांना राग यावा ना? ते हसत सुटले. “आवो शेठ, शेंदूर म्हंजे आमचा रेड लेड की! गोदीत जहाजाच्या बुडाला आमी हाच फासायचो! बायकांनी प्रायमर मारला राव, फकस्त चुकीच्या जागी मारला!”

शेंदूर खरवडला, आजीची समजूत घातली, आणि मामा पुन्हा वाट बघायला लागले. सहावा दोरा आला. सातवा आला. तेवढेच! या खेपेला दोऱ्याबरोबर निरोपही होता. मामींनी सांगितलं होतं, “नख मारून बघितलं. वर पांढरं टणक कवच आलंय. तुमचं जस्त हितं चालंना.”

आता हे मामांना ऐकवायचं कुणी? चौतीस वर्षांची गोदी! किसन पुटपुटला, शेवटी मी स्पष्ट सांगितलं. मामा दोरा बोटाला गुंडाळत बसले. पितळी कॉकचं गिऱ्हाईक आलं आणि कॉक घेऊन गेलं, मामांनी हटकलं नाही. मला धडकी भरली. किसनकडे बघितलं तर तो म्हणाला, “पत्र्याला बोट लावलं की दबतोय शेठ. शिमग्यापत्तोर टिकली तर बास.”

मी मामांना गाडीवर घातलं आणि अवसरीला नेलं. तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात एक तरुण मॅडम शिकवतात, आमच्याकडून प्रयोगाचं सामान नेतात. किसनकडून सोडवून आणलेला ठोकळा मामांनी रुमालातून काढला. मॅडमनी कवच खरवडलं, दोन मिनिटं बघितलं आणि जपून म्हणाल्या, “काका, हे औषध समुद्राचं आहे. धरणाचं पाणी गोड. गोड पाण्यात जस्तावर अशी साय धरते आणि ते झोपी जातं. इथं मॅग्नेशियम लागेल.”

मामा उठून उभे राहिले. मला वाटलं, आता या पोरीला काहीतरी बोलतात. मामांनी दोन्ही हात वर केले.

“म्या चुकलो!”

आणि चेहरा असा फुललेला की जणू पेन्शन डबल झाली! “चौतीस वर्सं खाऱ्यात काढली शेठ, गोड्याचा इचारच न्हाई केला! बायकू बरोबर बोलली! नखानं वळखलं तिनं, नखानं!” मॅडमना मूठभर वायसर दिले. गेटवरच्या वॉचमनला सांगितलं, “म्या चुकलो.” मंचरला पेट्रोल भरताना पंपावरच्या पोराला सांगितलं. तो बिचारा म्हणाला, “डिझेल टाकलं का काय?” घोडेगावात शिरेपर्यंत मामा मागे बसून माझ्या पाठीवर थापा मारत होते. आपण चुकलो म्हणून एवढा आनंद झालेला माणूस मी तरी दुसरा बघितला नाही.

आता मॅग्नेशियम आणायचं कुठून? आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. गिझर! गिझरच्या टाकीत आत एक कांडी असते, टाकी गंजू नये म्हणून. ती मॅग्नेशियमची. तशा कांड्या आमच्याच दुकानात वरच्या फळीवर धूळ खात पडलेल्या! सहा वर्षांत पहिल्यांदा मामांनी माझ्या दुकानातली वस्तू हातात घेऊन कपाळाला लावली.

दोन कांड्या पंख्याच्या दोन बाजूंना बसल्या, पातळ झालेल्या पत्र्यावर नवा तुकडा जोडला, आणि दोरे आखडायला लागले. चार बोटं, साडेतीन, तीन! दर बाजाराला मामा दोरा घेऊन नाचायचेच बाकी. पत्र्याला नवीन खड्डा नाही. शिमगा झाला, गुढीपाडवा झाला, लाँच पाण्यावर. किसननं भंगारवाल्याला परत पाठवलं. कांडी संपत आल्याचा दोरा आला की मामा इस्त्रीचा शर्ट घालून पलीकडे जायचे, नव्या बसवायचे, चहा घेऊन यायचे.

मलाही चेव आला. पुण्याहून मी मुद्दाम मॅग्नेशियमचा मोठा ठोकळा मागवला. मामांपुढे ठेवला. “घ्या! गिझरची कांडी चार महिन्यांत संपते. हा बसवा, दोन वर्षं ढुंकून बघायला नको.”

मामांनी तो हातात घेतला, वजन केलं, व्हर्निअर लावलं. आणि माझ्याकडे न बघता काउंटरवर ठेवला.

“कांडीच द्या, शेठ.”

“अहो पण का?”

“मोठा जड व्हतो.”

लाँचला! जी सिलिंडर आणि म्हशी नेते! मी हट्टाला पेटलो, ते नाही म्हणाले, शेवटी मी चिडून ठोकळा फळीवर ठेवून दिला. म्हटलं, वय झालं म्हाताऱ्याचं.

पावसाळ्याच्या तोंडाला पलीकडच्या एका गिऱ्हाइकाची वास्तुशांत होती, म्हणून मी लाँचनं गेलो. उतरलो तर मामी काठावर धुणं घेऊन उभ्या. मला बघून पदर सावरला, “या शेठ,” म्हणाल्या. आमचा धंदाच मापाचा, टेप खिशात असतेच. किसननं लाँच ओढून घेतली तसा मी वाकलो आणि कांडीला टेप गुंडाळली. पुन्हा गुंडाळली. दुसऱ्या कांडीलाही गुंडाळली. दोन्ही भरून तीन बोटं! आणि दोनच दिवसांपूर्वी माझ्या काउंटरवर जो दोरा आला होता तो दीड बोटाचा होता. ‘संपत आली’ म्हणून मामा शर्टाला इस्त्री करायला गेले होते.

“मामी,” मी म्हटलं, “कांडी तर अजून चिक्कार आहे. दोरा मात्र...”

मामींनी धुणं पिळलं. शांतपणे, शेवटचा थेंब निघेपर्यंत.

“सुती दोरा हाय, शेठ. भिजला की आकसतो.”

मग पाटी डोक्यावर घेता घेता म्हणाल्या, “त्यांस्नी सांगा, येताना सायकलची ट्यूब आणा. आईच्या हंड्याखालचं रबर वाळून फाटलंय.”

मी वास्तुशांतीला जेवलो खरा, पण काय जेवलो ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला मामा आले. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. मी दुकानात इतर कोणी नाही असं बघून हळूच म्हटलं, “मामा, मी काल स्वतः टेप लावली. कांडी अजून दोन-तीन महिने सहज जाईल. तुम्ही तर दर वेळी तिथं जाऊन व्हर्निअर लावता. तुम्हाला इतके दिवस कळलं नाही?”

मामांनी खिशातून तो दीड बोटाचा दोरा काढला. तळहातावर ठेवून बोटानं सरळ केला.

“सुती दोरा हाय शेठ,” ते म्हणाले. “आकसतो.”

 मी ट्यूबचा निरोप सांगितला. ऐकून मामा थोडा वेळ फडताळाकडे तोंड करून उभे राहिले, कॉक बघत असल्यासारखे. मी वरच्या फळीवरून दोन कांड्या काढल्या. शेजारीच पुण्याचा तो मोठा ठोकळा होता. तो मी मागे, रंगाच्या रिकाम्या डब्यांच्या आड सरकवला आणि म्हटलं, “निघा, नाहीतर लाँच जाईल.”